हळदूचा पंखा

९ नोव्हें., रवि.

सुधाकरांचा डोळा वाचला. आधी हेच लिहिते, बाकीचं नंतर.

सकाळी मी अंगणात माझ्या छोट्या विमानाचं इंजिन चालवून पाहत होते. शेपूट खांबाला बांधलेलं, मी मागे रिमोट घेऊन. सु. पेट्रोलची बाटली उचलायला बाजूने वाकले आणि पंख्याचं एक पान तुटून त्यांच्या भुवईवर बसलं. रक्त इतकं की डोळा दिसेना. शेजारच्यांच्या गाडीतून खामगाव. डॉक्टरांनी बॅटरी मारून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे बघायला लावलं. बुबुळाला काही नाही. भुवईवर टाके. मग मी तिथल्या बाकावर बसून रडले.

सु. म्हणाले, "डोया शाबूत आहे, आता कायले रडतं? इमान उडालं नाही, पंखाच उडाला."

पंखा प्लास्टिकचा होता, वीस इंची. मला अठराच हवा होता, नाहीतर पानं जमिनीला लागतात. म्हणून दोन्ही टोकं एकेक इंच कापून, घासून गोल केली होती. खऱ्या विमानाची तशीच असतात. कापल्या जागेपासून चीर गेली असणार.

११ नोव्हें.

सु. आज पट्टी बांधूनच जनावरांच्या दवाखान्यात कामावर गेले. पिंपळगावात सगळे विचारतात, कोणत्या गोऱ्ह्यानं मारलं. हे सांगतात, गोऱ्हा बायकोचा आहे.

शाळेत नववीला गती शिकवायची होती. शिकवली. कशी ते मलाच माहीत.

विमानावर जुनी चादर टाकली. बंद म्हणजे बंद.

१६ नोव्हें., रवि.

चादर सु. नीच काढली.

"झाकून काऊन ठेवलं? ते काय मेलं आहे?"

मी म्हटलं, मला नाही जमणार आता. तर म्हणाले, "तीन वर्षं घरात साऱ्या जागी तुहे लाकडाचे तुकडे. जेवणाच्या ताटात भुसा. ते मी फुकट सोसलं का?"

तीन वर्षं खरीच. लेक प्राजक्ता पुण्याला नोकरीला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा सुरू केलं होतं. अकोल्याला कॉलेजात कॅडेट असताना एकदा त्या पिवळ्या, दोन सीटांच्या विमानात बसवलं होतं मला. थोडाच वेळ. खालची वावरं कशी दिसली ते अजून... त्याचंच हे लहान रूप.

आमचं ठरलं. आता पंखा लाकडाचाच, कापाकापी नाही. आणि इंजिन चालू असताना बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. प्राजक्ताला फोन केला, पुण्यातल्या दुकानात बघून पाठव म्हटलं.

२४ नोव्हें.

पार्सल आलं. अठरा इंची, लाकडी, रंग मधासारखा. पाच मिनिटं हातात घेऊन बसले. मग लक्षात आलं, पानांचा पीळ उलटा. विमानाच्या मागे बसवायचा पंखा पाठवलाय. माझ्या इंजिनावर लावला तर विमान मागे जाईल.

सु.: "पलटवून लाव ना."

पलटवला तरी पीळ तोच राहतो. त्यांना स्क्रू दाखवला, या टोकानं धरा की त्या टोकानं, आटे बदलत नाहीत. बराच वेळ स्क्रू फिरवून पाहत बसले. मग म्हणाले, "हाव बे, खरंच."

दुकानदार बदलून द्यायला तयार आहे, पण माल बाहेरच्या देशातून येतो. कधी येईल, सांगता येत नाही म्हणाला.

३० नोव्हें., रवि.

धामणगाव बढ्याला जाऊन आलो. तिथे सलीमभाईंची आरा मशीन. सु. नी त्यांच्या बकऱ्यांना कधी औषधपाणी केलेलं, म्हणून चहा झाल्याशिवाय विषयच निघू दिला नाही.

सलीमभाई: "भाभी, पोळपाट बनवता का?"
मी: "विमानाचा पंखा."
त्यांनी सु. कडे पाहिलं. सु. नी भुवई दाखवली. "हा आधीचा पंखा."

मग मात्र त्यांनी मनावर घेतलं. सागवान नको, चिरफळतं म्हणाले. एका पाडलेल्या घराची हळदूच्या लाकडाची तुळई होती. पिवळसर, रेषा अगदी सरळ. तिच्यातून दोन फळ्या काढून दिल्या. "उडलं तर सांगा. नाही उडलं तरी सांगा."

७ डिसें.

पुठ्ठ्याचा नमुना कापला, फळीवर आखलं. मध्यभागाची भोकं आधी पाडली, ती चुकली तर पुढचं सगळं वाया. मग कानस. पान बुडाशी जाड, टोकाकडे पातळ, आणि पीळ हळूहळू कमी होत जाणारा.

दुपारी लाकडाच्या आत दडलेली गाठ निघाली. फळी बाद. गाठ आत्ता दिसली, इंजिनावर नाही. बरं वाटलं, वाईट वाटायच्या आधीच.

१४ डिसें.

दुसरी फळी चांगली आहे. एक पान झालं. सु. चे टाके कधीच निघाले, फक्त भुवईत एका रेघेवर केस उगवत नाहीत. आरशात बघून म्हणतात, सिनेमातला गुंड दिसतो.

२१ डिसें., रवि.

तोल पाहिला. मधल्या भोकातून सळई घालून दोन काचेच्या ग्लासांवर ठेवला. जड पान खाली येतं. तिथे पॉलिश पेपर, परत ठेवा, परत. मग आडवा राहिला. थोडा ढकलला तरी ढकलला तिथेच थांबला.

सु. पेपर बाजूला ठेवून पाहत होते. वॉर्निशचे हात उद्यापासून.

२८ डिसें., रवि.

चालवला.

शेपूट दोन दोरांनी बांधलं, सु. माझ्या मागे, घराच्या भिंतीआड. इंजिन सुरू करून मी मागे आले. रिमोटची कांडी पुढे सरकवेना. मागून आवाज आला, "तुह्या मनानं कर. घाई नाही."

पूर्ण जोर दिला. प्लास्टिकचा पंखा किंचाळायचा, हा गुरगुरतो. अंगणातली धूळ सगळी मागे माझ्या तोंडावर. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवला. थांबल्यावर दोन्ही पानं नखानं चाचपली. काही नाही. कुठेच काही नाही. मी तिथेच धुळीत बसले, आणि सु. नी पाण्याचा तांब्या आणून दिला.

११ जाने., रवि.

उडालं.

सु. च्या चुलतभावाचं वावर, सोयाबीन निघाल्यापासून मोकळंच आहे. काल त्यावर ट्रॅक्टरनं पाटा फिरवून घेतला होता. पोलीस पाटलांना सांगून ठेवलेलं. वारा नव्हता. थोडं धावलं, शेपूट उचललं, आणि चाकांखाली ऊन दिसलं. मग काय केलं ते नीट आठवत नाही, हातांनी केलं. दोन फेऱ्या मारल्या. पिवळं, तुरीच्या शेंड्यांवरून. सु. मोठ्यानं काही म्हणत होते, ऐकलं नाही.

उतरताना एकदा उसळलं, दुसऱ्यांदा टेकलं आणि नाक ढेकळाला लागलं. इंजिन बंद पडलं. पंखा अख्खा. सलीमभाईंना फोन केला, ते तिकडे कुणाला तरी ओरडून सांगत होते.

घरी आणून पुसताना मधल्या भोकाजवळ एक रेघ दिसली. केसाएवढी. वॉर्निशला गेलीय की लाकडाला, कळत नाही. नखाला लागते असं वाटतं, मग लागत नाही.

सु. नी पंखा माझ्या हातातून घेतला, कपाटावर ठेवला. म्हणाले, "उद्या उजेडात पाहू. लाकडालेच गेली असन तर धामणगावले जाऊ. आज जेवून घे."

जेवले. आता झोपते, सकाळी उजेड झाला की आधी ती रेघ बघायची.