हेकरूचं उघडं तोंड

भाट्ये, माघ वद्य पंचमी, शके १८५५

चिरंजीव महिपत यास,

मुंबईच्या पाण्यानं माणूस विसराळू होतो म्हणे, म्हणून आधी ओळख सांगते. मी तुझी आजी. भाट्याला राहते. अजून मेले नाही. दोन गणपती गेले, तुझं एकच कार्ड आलं. त्यावर ‘खुशाल’ एवढंच. खुशाल कोण, तू की कार्ड?

हे भिकाजी पोस्टमन लिहितो आहे. हात त्याचा, तोंड माझं. म्हणतो, “आजी, जरा हळू सांगा.” कशी हळू सांगू? ऐक!

परवा ओहोटीला मी दीपगृहाखालच्या खडकांवर कालवं काढत होते. आमचे हे शेजारच्या डोहात गळ सोडून बसलेले. थंडीचं नितळ पाणी. एकदम ओरडले, “अगो, धाव!” मला वाटलं पाय घसरला. कोयती टाकून धावले. बघते तर काय, माझ्या हाताएवढं लांब हेकरू, खडकातला तो दांडगा मासा, कपारीपाशी तोंड वासून उभं! आणि बोटाएवढा एक मासा, निळा, अंगावर काळा पट्टा, नाचत नाचत त्याच्या तोंडात शिरला. म्हटलं, गेला बिचारा. तर कल्ल्यातून बाहेर! पुन्हा आत. दातांतलं टिपतोय, गालफडं साफ करतोय, न्हावी जसा. मागे आणखी दोन मासे आपली पाळी कधी येते म्हणून थांबलेले! शेवटी हेकरूनं अंग झटकलं, छोटा लगेच बाहेर, मग त्यानं तोंड मिटलं. चावलं नाही हो!

सात वर्षांचा असताना हेच सांगत तू धावत आला होतास. ह्यांनी ‘थापाड्या’ म्हणून कानाखाली वाजवली होती. ते नाव तुला चिकटलं. मग दोन वर्षांपूर्वी तू नेलेलं नवं जाळं फाटून आलं. तू म्हणालास, खडकाला अडकलं. हे म्हणाले, “भांडणात कुणी कापलान ते सांग, थापाड्या!” त्याच दिवशी तू मुंबईची बोट पकडलीस.

मी ह्यांचं नाव घेत नाही ते रीत म्हणून. ह्यांनी दोन वर्षं तुझं घेतलं नाही ते हट्ट म्हणून. नावं न घेता घर चालवायचं म्हणजे माझीच पंचाईत.

तर परवा ह्यांनी गळ वर ओढून गुंडाळून ठेवला. समोर हेकरू असताना! मग म्हणाले, “महिपतनं खरं सांगितलान होतं गो.”

मी कालवांची टोपली तिथंच विसरले. म्हणजे विसरण्यात तू माझ्यावरच गेलास.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरचं ते जाळं काढलं. फाटलेली टोकं बोटांनी चाचपली, झिजलेलीच निघाली. खडकानं झिजलेला दोर आणि सुरीनं कापलेला दोर, ह्यांना काय कळत नव्हतं? तेव्हा बघितलंच नव्हतं. आता अंगणात बसून तेच सांधतायत. दुसरी सुई शेजारी ठेवली आहे, दोरा ओवून. कुणासाठी, मी विचारलं नाही.

‘चुकलो’ हा शब्द त्यांच्या तोंडून येणार नाही. तोंड मात्र उघडलंय. आत शिरायचं की नाही, ते तू ठरव.

भिकाजी विचारतो, खाली काय लिहू? लिही, आजीचा अंगठा. आणि माहीमच्या हलव्याचे दोन डबे हवेत, मऊ बघून. ह्यांना आता एकही दात उरलेला नाही, कुणाला चावायची सोय राहिली नाही. डबे पोस्टानं पाठवू नकोस, भिकाजी वाटेत खाईल. तूच घेऊन ये.