ताडपत्रीखालची गाडी

टॉडमॉर्डन, यॉर्कशायर
१४ एप्रिल १९९९

प्रिय डंकन,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो काही आजचा नाही. सकाळी ऊन पडलं म्हणून कपडे वाळत घातले, तर चहा ओतेपर्यंत गारा. दुपारी पुन्हा ऊन. सगळं नेहमीसारखंच चाललंय.

तुझा फोन आला, बाबांची गाडी न्यायला येतो म्हणून. त्यांच्या अंत्यविधीनंतर तुझा हा पहिलाच फोन, म्हणून मीही गडबडीत 'बरं' म्हणून गेले. मग वाटलं, लिहूनच कळवावं. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतोस.

गाडी छान झाली आहे. हिरवी, दोन माणसांची, बिनटपाची. आमच्या गावच्या हवेत बिनटपाची गाडी जोडायला तुझे बाबाच हवेत. सुटे भाग खोक्यांतून आले तेव्हा म्हणाले होते, एका उन्हाळ्यात उभी करतो. उन्हाळा कुठला? फायबरचं बॉनेट काही केल्या सुकेना, तर माझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन तासन्‌तास बसायचे. गाडीवर अंगणात उभारलेला पहिला तंबू वाऱ्याने उडाला तो शेजारच्या नॉर्मनच्या काचघरावर जाऊन बसला. नॉर्मन कुंपणावरून एवढंच म्हणाला, "विल्फ, गाडी जोडतोयस की विमान?" त्यानंतर ताडपत्री आणली.

गॅरेज असताना बाहेर कशाला, असं कोणीही विचारेल. मीही विचारायचे. गॅरेजात तुझा सोफा, तुझं कपाट, तुझे ड्रम. जूडिथशी संसार मोडून तिचं घर सोडलंस तेव्हा 'सवड मिळाली की नेतो' म्हणून ठेवून गेलास. मी म्हणायचे, "काढा ते सगळं बाहेर, नाहीतर मी काढते." तर म्हणायचे, "अगं, ओल लागली तर चामडं जाईल. पोराकडे आता तेवढंच उरलंय." तेव्हा तुझा सोफा कोरडा राहिला, आणि ते पाठीखाली पुठ्ठा घालून ओल्या फरशीवर नट आवळत राहिले. जानेवारीत छाती भरली आणि त्यातच गेले. डॉक्टरांनी वयावर ढकललं. मी ढकलत नाही.

अंत्यविधीला तू आलास, सँडविच खाल्लंस, ट्रेन चुकेल म्हणून निघालास. ताडपत्रीचं टोक उचलूनसुद्धा पाहिलं नाहीस. त्याचा मला अजून राग आहे.

पाहिलं असतंस तर तुलाच कळलं असतं. सरकारी तपासणीला न्यायची म्हणून नॉर्मन गाडीत बसला. उंचीने तो तुझ्या बाबांएवढाच, पण त्याचा पाय क्लचपर्यंत पोचेना. "कोणाचं माप घेतलं ह्या माणसाने?" म्हणत तो खाली वाकून बघू लागला. अशा गाडीत सीट बोल्टने पक्की करतात आणि पेडलं चालवणाऱ्याच्या पायांना बेतून लावतात. तेव्हा मला आठवलं, तुझी एक जुनी पँट त्यांनी माझ्याकडून मागून नेली होती. मला वाटलं, हात पुसायला नेली असेल.

स्वतःला चालवता येणार नाही अशी गाडी तो माणूस पावसात बसून जोडत होता, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

मग बाहेर येऊन नॉर्मनला म्हटलं, "पेडलं जवळ घे."

"किती?"

"माझे पाय पोचतील इतकी."

"एनिड, मग डंकनला बसताच येणार नाही."

"घे म्हटलं ना."

गाडी तपासणीत पास झाली. रविवारी मी ती एकटीने हॅलिफॅक्सपर्यंत नेली आणि चिंब होऊन परत आले. तेव्हा गाडीसाठी येऊ नकोस, तुझे पाय तिच्यात मावायचे नाहीत.

ती आता गॅरेजात असते. तुझा सोफा, कपाट आणि ड्रम बाहेर काढलेत, बाबांच्याच ताडपत्रीखाली. डाव्या कोपऱ्यात ती गळते. पण घाई मुळीच नाही.

सवड मिळाली की ये.

तुझी आई,
एनिड