रिकामी गाडी, भरलेले डबे

शनि., ५ जुलै
ठरलं. ट्रक नाही, पॅकर्स नाहीत. एकाने अठराशे दिरहम सांगितले, तर मिलिंद त्याच्यासमोरच मोठ्याने म्हणाला, "म्हणजे बेचाळीस हजार रुपये." तो माणूस पाणीसुद्धा न पिता गेला.
मि.चं म्हणणं, नव्या नोकरीसाठी तो महिनाभर रोज फुजैराला जातोच आहे. सव्वाशे किलोमीटर, एकटा. रिकामी गाडी कशाला न्यायची? रोज सकाळी मावतील तेवढी खोकी न्यायची. तिथलं घर फर्निश्ड, इथला सोफा-पलंग विकायचा. १९ला शेवटची फेरी, तीत आम्ही दोघी, मी आणि लेक साई. स्वयंपाकघराच्या खोक्यांना K-१, K-२ असे नंबर. एक्सेल शीट केलीय. लग्नाची पत्रिका छापताना याला एवढा उत्साह नव्हता.

रवि., ६ जुलै
समोरच्या शमीमभाभीला तारीख सांगितली. तिने तव्यावरचं घावन उलटलं आणि म्हणाली, "बरा." पुढे काही नाही. घावन करपलं.
अकरा वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत. ती रत्नागिरीची, मी ठाण्याची, आणि दुबईच्या या इंटरनॅशनल सिटीत आल्यावर मला पहिली मराठी हाक तिने मारली. खालच्या मजल्यावरचं जोडपं अबू धाबीला गेलं तेव्हा "दर महिन्याला येऊ" म्हणालं होतं. चार वर्षांत एकदा आलं, तेही पासपोर्टच्या कामासाठी.
तिचे उस्मानभाई ड्रॅगन मार्टमध्ये दिव्यांच्या दुकानात, आठवड्याचे सातही दिवस. ती गाडी चालवत नाही. मी लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास. मग कोण येणार, कशाने येणार? हे मि.च्या शीटमध्ये कुठल्याच कॉलमात बसत नाही.

सोम., ७ जुलै
स्वयंपाकघर उपसलं. भाभीचे चौदा डबे निघाले. चौदा! एक माझ्या पोळ्यांचा म्हणून मी तीन वर्षं वापरत होते.
रिकामा डबा परत कसा द्यायचा? म्हणून जे संपवायचंच होतं ते भरलं. पोहे, मूगडाळ, मेतकूट, भाजणी, दिवाळीचे (कुठल्या ते विचारू नये) अनारसे. साईला चार फेऱ्या मारायला लावल्या. "मम्मा, आय अ‍ॅम नॉट डिलिव्हरी." मला हलकं वाटलं. मि. रात्री शीटमध्ये हिरवा रंग भरत बसला.

मंगळ., ८ जुलै
सकाळी आठला बेल. भाभी, हातात आमचे अकरा डबे. तीही उपसत होती म्हणे. सगळे भरलेले. सांदणं, खोबऱ्याच्या वड्या, शेवया, आंबोशी, एकात सुका जवळा.
"अहो भाभी, आम्ही सामान कमी करतोय."
"मग? रिकामा डबा देतात काय गो वैनी? माझी आई कबरीतून उठून येल."
वर त्यातले तीन डबे आमचे नाहीतच. ते कुणाचे ते तिलाही माहीत नाही.

गुरु., १० जुलै
सांदणं खाल्ली. मग अंगातली खुमखुमी, ते तीन उपरे डबे धुऊन, गोडा मसाला भरून परत पाठवले. संध्याकाळी पाच डबे आले.
मि. घरी आल्यावर ओट्याकडे बघत उभा. "K-९ काल फुजैराला नेलं मी. स्वतः चौथ्या मजल्यावर चढवलं. मग इथे हे सगळं काय आहे?"
"हे नवीन."
"घर सोडताना सामान वाढतं हे मी पहिल्यांदा बघतोय." K-९अ अशी ओळ टाकली. बिचारा. बारीक झालाय खरं तर, रोजची ती डोंगरातली बोगद्यांची वाट. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ट्रकचं बोलले असते.

शुक्र., ११ जुलै
जवळ्याचं प्रकरण. K-११ गाडीत होतं. शेहेचाळीस डिग्रीत गाडी दिवसभर पार्किंगला. झाकणाने जीव सोडला. नेमकं आज मि.च्या नव्या साहेबांनी बंदराच्या धक्क्यापर्यंत लिफ्ट मागितली. आमचा मि. कांदासुद्धा चतुर्थीला खात नाही. त्याने दार उघडलं आणि आतून अख्खी रत्नागिरी बाहेर आली.
साहेब केरळचे. क्षणभर डोळे मिटले, म्हणाले, "ड्राय प्रॉन्स? हबीबी, कहाँ से मिला?" वाटेत आपल्या आईबद्दल बोलत राहिले. उरलेला जवळा घेऊन गेले, मि.ला जेवायला बोलावलंय.
मि. रागावलाय, पण कोणावर ते त्याला ठरवता येत नाही. भाभीला सांगितलं तर ती हसता हसता खाली बसली. मग म्हणाली, "बघ, माझ्या डब्यानं तुझ्या नवऱ्याची नोकरी पक्की केली." आणि उठून ओटा पुसायला लागली, पुसलेलाच.

सोम., १४ जुलै
मि.चा निर्वाणीचा इशारा. शनिवारच्या फेरीत आम्ही, देव, कपडे आणि सहा खोकी मावतात. एक डबा जास्त आला तर साईला बसने यावं लागेल. साई, "आय डोन्ट माइंड."
भाभीकडे गेले. आमची परिषद भरली. तोडगा तिचाच, डब्यात चिमूटभर साखर घालायची. म्हणजे रिकामा नाही, आणि भरलेलाही नाही. तिच्या आईलाही हरकत नसावी.
तासाभरात सगळे डबे ज्याच्या त्याच्या घरी पोचले. दोन्ही घरांत मुंग्या.
घरी आले, फळी पुसली. तिचं एकही भांडं माझ्याकडे नाही, माझं एकही तिच्याकडे नाही. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ओट्याशी उभी राहून रडले. मि.ने विचारलं, काय हरवलं? शीटमध्ये बघू का?

बुध., १६ जुलै
भाभी आवरायला मदतीला आली. म्हणजे मी भरलेलं खोकं रिकामं करून तिने पुन्हा भरलं. "काचेला बनियन गुंडाळ, पेपर नको." तांदळाचं पिंप तिने आणि साईने मिळून बंद केलं, मला हात लावू दिला नाही.
रात्री K-२६ला खलबत्ता लिहायचा तर बत्ता सापडेना. दगडी खल आहे, बत्ता नाही. सगळीकडे शोधलं. मि.ने शीटमध्ये लिहिलं, "खलबत्ता (अर्धा)."

शनि., १९ जुलै
निघालो. मांडीवर देव, पायाशी इस्त्री, साई तीन उशांच्या मागे कुठेतरी होती. टिकलीएवढी जागा नाही. मि. गाडीला प्रदक्षिणा घालून खूश.
भाभी पार्किंगमध्ये आली. मि.ला दम दिला, बोगद्यात ओव्हरटेक करायचं नाय. मग मला, "परत कधी येशील?"
"येईन ना. इन्शाल्ला."
"त्या कधी न येणाऱ्या एसीवाल्यासारखी इन्शाल्ला बोलू नको. तारीख सांग."
तारीख नव्हती माझ्याकडे. देव मांडीवर असल्याने तिला मिठीही मारता आली नाही. तिनेच खिडकीतून हात घालून माझा खांदा दाबला, आणि बाळकृष्णाची कलंडलेली टोपी सरळ केली. "यल्ला, जा आता. ऊन वाढतंय."
डोंगर सुरू झाले. मग उशांच्या मागून, "मम्मा, आर यू क्रायिंग? आय कान्ट सी."

रवि., २० जुलै
फुजैरा. खिडकीतून तेलाच्या टाक्या आणि त्यांच्यामागे बोटभर समुद्र. दूध उतू घालवलं. जरा जास्तच गेलं.
दुपारी भाताला तांदूळ काढायला पिंपात हात घातला तर काहीतरी लागलं. डबा. स्टीलचा, कडीचा. झाकणावर नाव कोरलेलं, भाभीचं, माहेरचं. लग्नात आईने दिलेला. हा ती कधी कुणाला देत नसे. मला अकरा वर्षांत नुसता दाखवला होता.
साईला विचारलं. ती फोनमधून मान न काढता म्हणाली, "भाभीआंटी पुट इट देअर. शी सेड डोन्ट टेल मम्मा." मग थोडं थांबून, "ऊप्स."
उघडून पाहिला. आत काही नव्हतं. साखरही नाही. रिकामा डबा, तिने, मला. झाकण लावलं, आणि भात लावायचा राहूनच गेला.

मंगळ., २२ जुलै
मि.ने डबा पाहिला. "अरे, हा त्यांचा राहिलाच. गुरुवारी दुबईला मीटिंग आहे, उस्मानभाईंच्या दुकानात देऊन येतो. नाहीतरी गाडी रिकामीच जाणार."
अकरा वर्षं संसार करून माणूस असं बोलू शकतो. डबा पुन्हा तांदळात पुरला. म्हटलं, सापडत नाहीये.

शुक्र., २५ जुलै
भाभीचा फोन. आधी इकडचं तिकडचं, तिच्याकडच्या मुंग्या गेल्या का, वगैरे. मग सहज आवाजात, "वैनी, माझा नावाचा डबा दिसत नाय गो."
"माझ्याकडे नाही आला, भाभी." डबा माझ्या मांडीवर होता. "बरं, माझा बत्ता पाहिलात का कुठे?"
"बत्ता? नाय बा. कसला बत्ता?"
मागून आवाज येत होता. टक, टक, टक. लसूण ठेचल्याचा. थांबला, मग जरा हळू सुरू झाला.
"शोधून ठेवते," मी म्हटलं.
"सावकाश शोध. मी पण शोधत्येय. पण कुरिअरबिरिअरनं काय धाडू नको हां. माणसानं हातात आणून द्यायचा."

रवि., २७ जुलै
इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फाइल उघडली. चौथी खेप. पहिला क्लास मंगळवारी. शिकवणारी बाई लेबनॉनची आहे, तिने विचारलं, गेल्या वेळी कशात फेल? पार्किंगमध्ये, म्हटलं. त्याआधी? पार्किंगमध्ये. तिने काहीतरी अरबीत लिहिलं, बरंच लांब होतं. पास होईन का, माहीत नाही. त्या बोगद्यांचीही मला भीतीच वाटते. भाभीला अजून सांगितलं नाही, उगीच तारीख मागेल.
डब्यात काय भरून न्यायचं तेही ठरत नाही. रिकामा तर नेता येणार नाही.
संध्याकाळी चहाचं आलं वाटीच्या बुडाने ठेचत होते. मि. म्हणाला, "खाली दुकानात खलबत्ता आहे, पंचवीस दिरहम. साडेपाच-सहाशे रुपये. उद्या आणतो."
"नको."
"अगं, रोज वाटीने ठेचणार का?"
"हो. आपला आहे ना," म्हटलं.
त्याने माझ्या हातातली वाटी पाहिली. मग लॅपटॉप उघडून K-२६च्या ओळीतलं "अर्धा" खोडलं आणि तिथे लिहिलं, "दुबईत."