बारावा सामना

गोमती नगर, लखनौ
२ डिसेंबर २०२४

चि. सुनंदा हिस,
अ. उ. आ. व जय भीम.

जूनमध्ये डॉक्टरांनी गळा कापून माझा आवाज काढून घेतला, तेव्हापासून या घरात अभयचं राज्य आहे. चाळीस वर्षं चौदा एप्रिलला माईकशिवाय हजार माणसांना ऐकवणारा तुझा भाऊ आता पाटीवर खडूने ‘मीठ कमी’ असं लिहितो, आणि सूनबाई वाचायच्या आधीच हसत पुसून टाकते. फोनवर भांडता येत नाही, म्हणून हे पत्र.

भांडण गंभीर आहे. चारबाग स्टेशनजवळच्या आपल्या जुन्या रेल्वे कॉलनीतलं बास्केटबॉलचं मैदान नव्याने बांधलंय. २६ जानेवारीला उद्घाटन. तिथे एक फलक लागणार, आणि त्यावर कॉलनीच्या संघातून सर्वांत मोठा हंगाम खेळलेल्या खेळाडूचं नाव. एकच नाव. ठरवायचं मी, आकडे तपासायचे अभयने.

अभयला विचारलं, बेटा, मोठा हंगाम कशाला म्हणतोस? तो म्हणाला, अमेरिकेतला स्टेफ करी, २०१५-१६, बाकी सब पुराना. मी पाटीवर लिहिलं: विल्ट चेंबरलेन, १९६१-६२, सामन्याला सरासरी पन्नास गुण! त्यावर साहेब विचारतात, पापा, त्याच्या शंभर गुणांच्या सामन्याचं चित्रीकरण तरी आहे का? नाही. कागद आहे! आणि कागदावर जगाने विश्वास ठेवला. आपल्या माणसांचं चित्रीकरण कोणी कधी केलं, सुनंदा? जे लिहून ठेवलं तेवढंच आपलं उरलं. हे मी भर सभेत सांगत आलो, आता घरात पाटीवर सांगतो.

आता मुद्दा. माझा १९८८चा हंगाम: बारा सामने, सरासरी तीस. आपल्याच संघातल्या विजय खोब्रागडेचा १९९०चा: सरासरी एकतीस. अभयचा नियम असा की बाराही सामने खेळलेला हंगामच धरायचा. मला मान्य. विजय बाराही खेळला. बारावा म्हणजे २९ डिसेंबरचा अंतिम सामना. कॉलनीत कोणालाही विचार, दुपारी सामना जिंकून दिला आणि स्कूटरवर कानपूरला घरी परत जाताना उन्नावजवळ अपघातात गेला. पण त्या सामन्याचा गुणांचा कागद कॉलनीच्या मंडळाकडे नाही. तेव्हा तू माझ्या क्वार्टरमध्ये राहून बी.एड. करत होतीस आणि स्कोअरर तूच होतीस. कागद तुझ्याच ट्रंकेत असणार. पाठव. नाहीतर अभय माझं नाव लावेल. त्या फलकावर माझं नाव म्हणजे चोरी, आणि ती मी होऊ देणार नाही.

दुपारी ई-रिक्शाने मैदान बघायला जातो. रिंग अजून बसलेल्या नाहीत, तरी धुक्यातून, इथल्या कोहऱ्यातून, चेंडू आपटल्याचा आवाज येतो. ठेकेदाराची माणसं म्हणतात, बाबूजी, कहीं पाइप ठोक रहे होंगे.

भांडण वेगळं, माया वेगळी. ती तशीच ठेव.
तुझा,
दयाराम


नागपूर
७ डिसेंबर

ती. दादास,
सविनय जय भीम, वि. वि.

आवाज गेला म्हणतोस, पण पत्र उघडल्याबरोबर शेजारच्या काकू विचारायला आल्या, कोण ओरडतंय. सूनबाईला सांग, खडू लपवून ठेव.

कागदाचं म्हणशील तर ट्रंकेवर दोन गाद्या आणि शाळेच्या जुन्या वह्यांचे गठ्ठे आहेत. माझ्या गुडघ्यांना ते जमायचं नाही. तुझं नाव लागलं तर काय बिघडलं? तीस काही कमी नाही. विजयला फलक नको होता. त्याला काय हवं होतं ते तुला माहीत नाही.

एक विचारते, हसू नकोस. तो आवाज कसा येतो? दोन ठेके आणि मग जरा थांबणं, असं असतं का? तेवढं कळव. जास्त वेळ कोहऱ्यात उभा राहू नकोस, मफलर गळ्याला नीट गुंडाळ.

लहान बहिणीवर राग धरू नये, ही विनंती.
सुनंदा


गोमती नगर, लखनौ
११ डिसेंबर

प्रिय आत्यास,
सा. नमस्कार आणि जय भीम.

माझं मराठी लिहिणं बघून हसू नकोस, पापांनी हातात पेन देऊन बसवलंय. पण हे पत्र त्यांना दाखवणार नाही.

यार आत्या, एक गडबड झालीये. मी काही विजयकाकांच्या विरुद्ध नाही. पण पापा स्वतःच्या हंगामाबद्दल बोलूच देत नाहीत. परवा मी एवढंच म्हणालो की १९८८ला तुम्ही डबल मार्किंगमध्ये, दोन-दोन जण अंगावर असताना, खेळत होता, आजच्या हिशोबाने ते तीस म्हणजे पस्तीस. तर पाटी फेकली. मला वाटलं, एवढा राग का? म्हणून मी विजयकाकांच्या पुतण्याला, अद्वैतला, कानपूरला फोन केला. सामन्याचा एखादा फोटो मिळेल म्हणून. फोटो नव्हता. त्याने घरातले कागद शोधले आणि मृत्यूच्या नोंदीचा फोटो पाठवला.

२९ डिसेंबर १९९०. वेळ, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं.

सामना दुपारी दोनचा होता. म्हणजे परत जाताना नाही, येतानाच. मी अद्वैतला म्हटलं, लिहिताना चूक झाली असेल. तो म्हणाला, नाही भैया, दादी बारा वाजता अस्पतालमध्ये होती.

मग विजयकाकांचा नऊ नंबर घालून कोण खेळला, आत्या? मी त्या संघातल्या उल्हासकाकांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, अरे विजयच, आणखी कोण! कोहरा एवढा होता की पलीकडचं रिंग दिसत नव्हतं, पण पास टाकला की घेणारा असायचा. मी विचारलं, त्याचा चेहरा बघितला? ते बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, बेटा, साखर झाली का बघ.

तो कागद खरंच असेल तर तूच सांग काय ते. पापांना मी काही बोललेलो नाही.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझा,
अभय


नागपूर
१५ डिसेंबर

ती. दादास,
सविनय जय भीम, वि. वि.

अभयवर रागावू नकोस. त्याला कानपूरहून विजयच्या मृत्यूची वेळ कळली आहे. सकाळी दहा. तुला ती चौतीस वर्षांपासून माहीत असावी, असं मला वाटतं. मला माहीत होती. जानेवारीत त्याच्या आईला भेटायला गेले तेव्हा त्यांनीच सांगितलं.

तरीही मी लिहिलं ते खोटं नाही. त्या दुपारी टेबलावर मी जे पाहिलं तेच लिहिलं. सामना सुरू व्हायच्या वेळी आपली चारच मुलं होती. मग कोहऱ्यातून नऊ नंबर आला आणि न बोलता उभा राहिला. पंचांनी मोजले, पाच. मी तुला तेव्हाच विचारायला हवं होतं की हा ओला का नाही, बाकी सगळ्यांचे केस दवाने भिजलेले होते. विचारलं नाही.

काल गाद्या काढून ट्रंक उघडली.

आमच्या कागदावर एक ते एकशे साठ आकडे छापलेले असतात. बास्केट झालं की त्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि बाजूला खेळाडूचा नंबर लिहायचा. सामना संपला की शेवटच्या आकड्याखाली दोन जाड रेघा ओढायच्या. तेव्हाच सामना संपतो. आपण बहात्तरवर जिंकलो होतो. मी त्या रेघा ओढल्या नाहीत.

आता तुला सांगते. माझं आणि विजयचं लग्नाचं ठरलं होतं. अंतिम सामना संपला की तुला सांगायचं, असं तो म्हणाला होता. तो लगेच निघून गेला, मग संध्याकाळी बातमी आली. मी रेघा ओढायला पेन घेतलं आणि वाटलं, ओढल्या की संपलंच. म्हणून घडी घालून कागद ठेवून दिला.

दादा, कागदावरचा खेळ आता एकशे अठ्ठावन्नवर आहे.

बहात्तरनंतरच्या प्रत्येक बास्केटपुढे नऊ लिहिलंय. अक्षर माझंच, नवाची शेपूट मी लांब ओढते तशी. शाईही त्याच निळ्या पेनाची, जे मी लखनौ सोडताना तुझ्या क्वार्टरमध्ये विसरले होते. ट्रंकेची किल्ली माझ्याच गळ्यात असते. मी लिहिलं नाही. लिहिलं असेल तर मला आठवत नाही.

एकच बास्केट उरलंय. पुढे कागद नाही. काय करू ते सांग.

तुझी,
सुनंदा


गोमती नगर, लखनौ
२० डिसेंबर

चि. सुनंदा हिस,
अ. उ. आ. व जय भीम.

होय. दोन ठेके आणि मग थांबणं. फ्री थ्रोआधी तो करायचा तसंच.

तू सांगितलंस, आता माझं ऐक. अठ्ठावीसच्या संध्याकाळी मी रेल्वेच्या कंट्रोल रूमच्या फोनवरून कानपूरला त्याच्याशी बोललो. त्याची आई तापाने फणफणली होती, तो येत नाही म्हणाला. आणि मी भाषण केलं. सुनंदा, आयुष्यात केलेलं माझं सर्वांत चांगलं भाषण ते. आपल्या मुलांना या शहरात कोणी जिंकताना पाहिलेलं नाही, उद्या पाहतील, असं म्हणालो. शेवटी म्हणालो, जिवंत असशील तर ये, मेलास तरी ये, पण सामना संपेपर्यंत मैदान सोडायचं नाही. मग तो म्हणाला, ठीक आहे कॅप्टन.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होताना मी त्याच्या हातावर हात मारला. बर्फ. डिसेंबरात सगळ्यांचेच हात बर्फ असतात, असं स्वतःला समजावलं. नंतर हजार सभा गाजवल्या, पण ‘ये’ हा शब्द कोणाला म्हणताना माझी जीभ अडायची. डॉक्टर म्हणतात कॅन्सरला कारण नसतं. असेल तसं.

मी त्याला बोलावलं, तू त्याला धरून ठेवलंस. आपण दोघांनी मिळून एका माणसाला चौतीस वर्षं खेळवलं, आणि त्या चौतीस वर्षांत त्याला विश्रांती म्हणून कोणी टाइमआउटसुद्धा दिला नाही. हे चालू ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. म्हणूनच मला फलक हवा होता. खेळाडूचं देणं नावाने फिटतं असं मला वाटलं होतं. ते त्याला जाऊ देऊनच फिटेल.

२९ तारखेला, रविवारी, दुपारी साडेतीनला मी मैदानावर असेन. घड्याळ लावून ठेव. बरोबर साडेतीनला, तेव्हा सामना संपला त्याच वेळी, रेघा ओढ. कॅप्टन म्हणून मी त्याला सामना संपल्याचं सांगेन. आवाज नसला तरी सांगेन.

फलकावर माझं नाव लागलं तर लागो. त्यावर आता मी वाद करणार नाही.

रेघ सरळ येऊ दे.
दयाराम


गोमती नगर, लखनौ
३० डिसेंबर

चि. सुनंदा हिस,
अ. उ. आ. व जय भीम.

अभय सोबत आला. रस्ताभर म्हणत होता, पापा, ठंड लग जाएगी, दहा मिनिटांत परत. त्याला मी फक्त एवढंच लिहून दाखवलं होतं की विजयला भेटायला जातोय. त्याला वाटलं, म्हातारा भावुक झालाय.

कोहरा असा की रिक्शावाल्याने गेटावरच सोडलं. मैदानाच्या मधल्या वर्तुळाशी उभा राहिलो. ठेके ऐकू येत होते. साडेतीन झाले. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, विजय, सामना संपला. आपण जिंकलो. आईकडे जा. अर्थात आवाज काही आला नाही, नुसती वाफ निघाली.

दोन ठेके. मग थांबणं. मग जिथे अजून रिंग नाही तिथे जाळीचा आवाज झाला. मग चेंडू एकदा, दोनदा उसळला आणि घरंगळत येऊन माझ्या बुटाला लागला. अभयने वाकून उचलला आणि लगेच खाली ठेवला. म्हणाला, हा बर्फासारखा आहे. मी पाहिलं तेव्हा त्याचं तोंड पांढरं झालं होतं. खाली पाहिलं तर चेंडू नव्हता.

घरी आल्यावर अभय लॅपटॉप उघडून बसला. फलकाच्या मजकुरात त्याने माझं नाव लिहून ठेवलं होतं. ते काढलं आणि लिहिलं: विजय खोब्रागडे, १९९०. सामन्यांच्या जागी ‘अकरा’ लिहिलं, मग पुसून ‘बारा’ केलं. मी काही लिहायला पाटी उचलली, तर त्याने ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली.

आज पुन्हा गेलो होतो. मजूर रिंग बसवत होते. आणखी कसलाही आवाज नव्हता.

तुला जे सांगायचं राहिलं होतं ते तू सांगितलंस. मला ते आवडलं असतं, एवढं लक्षात असू दे.
तुझा,
दयाराम


नागपूर
३ जानेवारी २०२५

ती. दादास,
सविनय जय भीम, वि. वि.

बरोबर साडेतीनला पट्टी लावून एकशे अठ्ठावन्नखाली दोन रेघा ओढल्या. मग रडू आलं म्हणून कागदाकडे न बघताच ट्रंक बंद केली.

तुझं पत्र आज आलं. जाळीचा आवाज झाला, असं तू लिहिलंस, म्हणून ट्रंक पुन्हा उघडली. रेघा सरळ आहेत, माझ्याच आहेत. पण त्या एकशे साठखाली आहेत.

कागद भरला, दादा. फलकासाठी पाठवत नाही, माझ्याजवळ राहू दे. अभयला सांग, आत्याला आता त्याचे सगळे आकडे मान्य आहेत.

मफलर गुंडाळत जा.
तुझी,
सुनंदा