कोट गळत नव्हता

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच कपाटावर टाकशील, म्हणून हे वहिनीच्या नावानं पाठवलंय. तिच्यावर डाफरू नकोस, तिला बिचारीला काही माहीत नाही. दोन वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही, आणि तेही एका रेनकोटापायी, हे कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. आज लिहितेय तेही त्या कोटाबद्दलच, काय करू!

तुझं म्हणणं, मी तपासून दिलेला कोट गळला, म्हणून तू डोंगरावर ओलाचिंब झालास, माथ्यावर वारा लागून दातावर दात आपटायला लागले आणि दोस्तांनी तुला धरून खाली आणलं. माझं म्हणणं, कोट गळत नव्हता. तू तो माझ्या टेबलावर आपटलास आणि भर गिऱ्हाइकांत म्हणालास, ताईनं कोटाची चाळण केली. तीस वर्षं छत्र्या नि रेनकोट दुरुस्त करणाऱ्या बाईला! मग मीही कमी नाही. घरभर सांगत सुटले, की कोटाला काही झालेलं नाही, ह्याचंच डोंगर चढायचं वय सरलंय. त्यानंतर तू डोंगराचं नाव काढलं नाहीस, असं वहिनी म्हणाली. आतून चरकले, पण नमतं घेईल ती मी कसली.

यंदा पावसात आमचा पोस्टमन त्याचा कोट घेऊन आला. गळतो म्हणाला. माझी परीक्षा तुला ठाऊक आहे: बाह्यांना गाठी मारायच्या, कोटाची झोळी करून टांगायची, आत बादलीभर पाणी ओतायचं आणि फरशीकडे बघत बसायचं. तासाभरात टिपूस पडला नाही. मी म्हटलं, अरे बाबा, तुझा कोट ठणठणीत आहे. तर तो म्हणतो कसा, की मग मी रोज भिजतो तो कशानं? झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

तुझा कोट खुंटीवर होताच. भर दुपारी दुकान बंद केलं, तो अंगात चढवला आणि धो धो पावसात पाण्याच्या टाकीमागची टेकडी चढायला लागले. शेजारचा न्हावी दारात येऊन बघत राहिला. बाईचं काहीतरी बिनसलं असंच त्याला वाटलं असणार. वर पोचले तोवर आतला सुती सदरा पिळून काढावा इतका भिजलेला. मनात म्हटलं, धाकट्याचं खरं होतं की काय? मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं, आणि मी कोटाची बाही आतल्या बाजूनं चाटली. हस, पोटभर हस. खारट लागली! पाऊस खारट नसतो, एवढं कळायला मला चोपन्न वर्षं लागली. तो माझाच घाम होता रे.

मग काय, नादच लागला. दुसऱ्या दिवशी सुती सदऱ्याऐवजी पातळ लोकरी बनियन घातलं. ओलं झालं, पण अंगाला गार लागेना. तिसऱ्या दिवशी चढताना कोटाची गळ्याजवळची चेन उघडी ठेवली, पावलं सावकाश टाकली, आणि वर टेकायच्या आधीच पिशवीतला कोरडा स्वेटर चढवला. मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नेले होते. ते पायात घातल्यावर जे सुख वाटलं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस कसं? पण काखा आणि पाठ भिजायची ती भिजायचीच. बाकी सगळं कोरडं आणि एवढंच ओलं, हे काय गौडबंगाल आहे, ते कळेना.

घरी आल्यावर कोट उलटा केला आणि चष्मा लावून शिवण न शिवण तपासली. नेमक्या त्याच जागी माझ्या पट्ट्या होत्या. डोंगरावर जायच्या आदल्या दिवशी तू नवाकोरा कोट तपासायला आणलास, तेव्हा बादलीच्या परीक्षेत तिथूनच पाणी ठिबकलं होतं. काखेत बारीक भोकं होती, पाठीवरच्या झालरीखाली जाळी होती. मला वाटलं, ही कारखान्याची खोट. तुला न विचारता, न सांगता सगळीकडे पट्ट्या चिकटवल्या, वरून गरम इस्त्री फिरवली. टिपूस गळेना तेव्हा स्वतःवरच खूश झाले. ती भोकं अंगाची वाफ बाहेर जायला मुद्दाम ठेवलेली असतात, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पट्ट्या काढून पुन्हा टेकडी चढले, तर पाठ जवळजवळ कोरडी. मला आनंद व्हायला हवा होता, पण वर बसून रडू आलं.

ह्याला महिना झाला. खोटं कशाला बोलू, एरवी मी लिहिलंच नसतं. कोट कुठेतरी गुपचूप देऊन टाकला असता. पण सोमवारी तुझी लेक दुकानात आली. मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच डोंगरावर निघालीये आणि तिला तुझा कोट हवाय. खुंटीवरचा कोट काढता काढता तिनं विचारलं, आत्या, खरं सांग, बाबांचा कोट गळत होता का? दोन वर्षं घोकलेलं उत्तर तोंडात तयार होतं, की गळत नव्हता. अक्षर न अक्षर खरं. आणि तिच्याकडे बघून ते म्हणायला माझी जीभ रेटेना. तिला म्हटलं, शुक्रवारी ये, सांगते. शुक्रवारी मी तिला सगळं सांगणार आहे आणि कोटही देणार आहे. पण लेकीच्या तोंडून कळायच्या आधी तुला माझ्याकडून कळायला हवं. वय सरलं नव्हतं रे तुझं. तू चांगला चालत होतास, कोट मी बिघडवला होता.

तुझीच,
ताई