बाबांशिवाय पहिला समुद्र

सोमवार, ३ जून
मागच्या सीटा निघाल्या, तिथे पेट्रोलची जादा टाकी बसली. एवढंसं चार माणसांचं विमान, समुद्र तेरा तासांचा, आणि विमानाचा नवा मालक पलीकडच्या किनाऱ्यावर.
"एकट्याच जाणार?" मेकॅनिकने दोनदा विचारलं. हो रे बाबा, एकटीच! आजवर अकरा विमानं अशी पोचवली, दर वेळी उजवीकडे बाबा. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांवरून नापास केलं, परवाना गेला. घरी येऊन त्यांनी हेडफोन कपाटात ठेवून दिले.

बुधवार, ५ जून
हवा खराब. बसून राहिले.

गुरुवार, ६ जून
अजून वारा. पहिली खेप आठवली. मी बावीसची. किनारा दिसेनासा झाला आणि इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटला. लगेच बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पाणी दिसलं की इंजिनाला खोकला येतोच. ऐकू नकोस." मग त्यांचं बेसूर गाणं, थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. ते दिवस परत हवेत मला. पण पहिल्याच एकट्या खेपेला हात हलवत परत आले, तर पुन्हा मला काम कोण देणार?

शुक्रवार, ७ जून
माती खाल्ली.
जादा टाकीतलं पेट्रोल पंखातल्या टाकीत उतरतं. त्यामुळे आधी दोन तास पंखातलं जाळायचं, तिथे जागा झाली की मगच मागची कळ उघडायची. अकरा खेपा ती कळ बाबांनीच उघडली, मी नुसती वेळ लिहीत आले. आज त्यांचं गाणं गुणगुणत चाळीस मिनिटांतच उघडली! बऱ्याच वेळाने डावीकडे पाहिलं — पंखामागे पांढरी रेघ. भरलेल्या टाकीवरून पेट्रोल समुद्रात चाललेलं.
कळ बंद. तीनदा हिशेब केला. वारा पाठीशी राहिला तर जेमतेम पोचेन. नाही राहिला तर नाही.
सवयीने मान उजवीकडे वळली. बाबांनी नुसतं नाक मुरडलं असतं तरी काय करायचं ते कळलं असतं. सीटवर नकाशा पडलेला. धाय मोकलून रडले. मग विमान मागे वळवलं.
उतरल्यावर मेकॅनिकने चहा दिला.

शनिवार, ८ जून
मालक फोनवर "बघतो" म्हणाला. म्हणजे दुसरं कुणीतरी बघणार. आईला सगळं सांगितलं, बाबांना नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

रविवार, ९ जून
आईचा फोन. "त्यांना सांगितलं मी. 'स्वतःच वळवलं?' एवढंच विचारलं, आणि किती दिवसांनी हसले! आता तुला सांगते. डॉक्टरांनी नापास केलंच नव्हतं गं. डोळे ठणठणीत आहेत. परवाना त्यांनी आपणहून परत केला. म्हणाले, मी शेजारी आहे तोवर ही माझ्या तोंडाकडे बघूनच ठरवणार."