बाकांवरून आलेल्या विनंत्या

पप्पा, काल रविवारी तुमच्या जागेवर उभं राहून मी मध्यस्थीची, सगळ्यांच्या वतीने मागायची प्रार्थना चालवली. पाळकसाहेबांनी विचारताच मी होकार दिला, कारण आपल्या चर्चमध्ये अलीकडे ही प्रार्थना ज्या ढिसाळपणे होते, ती ऐकवत नाही. जगासाठी मागायचं तर "सर्व देशांना आशीर्वाद दे" एवढ्यावर भागवायचं आणि एका वाक्यात पाचदा "प्रभू" म्हणायचं! मी रीतसर मसुदा केला. युद्धात घरं गमावलेले, सत्ताधारी, जगभर पसरलेली ख्रिस्ती मंडळी, आजारी, शोकग्रस्त. प्रत्येकासाठी एक परिच्छेद आणि प्रत्येक परिच्छेदाला त्याचा तोल. तो लिहीत असताना धाकटीचा डोंबिवलीहून दोनदा फोन आला. मी बाथरूममध्ये घसरून पडल्यापासून तिचं एकच पालुपद आहे: "ताई, वर्तकनगरचं घर बंद कर आणि माझ्याकडे ये. परत पडलीस तर कळणार कोणाला?" मी नेहमीप्रमाणे सांगितलं की माझी पुस्तकं तुझ्या घरात मावणार नाहीत, आणि तुझ्याकडे दिवसभर टीव्ही चालू असतो. दोन्ही कारणं खरी आहेत.

मसुदा पाहून तुम्ही म्हणाला असतात, "छान आहे, आता निम्मा कर." करायला हवा होता. आपली मंडळी अजून तुमच्या छोट्या वाक्यांच्या सवयीची आहे. प्रार्थना चालवणारा थांबला की "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हणायचं, एवढंच तिला ठाऊक. "ज्यांच्या हाती सत्ता आहे आणि जे ती दुर्बळांना चिरडण्यासाठी वापरतात, त्यांना," इथे मी श्वास घेतला, आणि सगळ्यांनी एकसुरात प्रतिसाद दिला. जुलमी माणसांना नेमकं काय द्यायचं ते देवावर सोपवून आम्ही आजाऱ्यांकडे वळलो.

त्यानंतर बाकांवरून येणाऱ्या विनंत्या. हा भाग गाळावा असं मी आधी सुचवलं होतं, पण पाळकसाहेब हसून म्हणाले, "मॅडम, तेवढं राहू द्या. लोक त्याच्यासाठीच लवकर येतात." तुमची शिस्त त्यांनीही मोडलेली नाही: बाकावरून जे कानी पडेल ते पुढे उभ्या असलेल्याने स्वतःच्या तोंडाने देवापुढे ठेवायचं, नाकारायचं नाही, सुधारायचं नाही. मला तो रविवार आठवतो, जेव्हा शेजारच्या मावशींनी चाळीच्या नळाला पाणी मागितलं आणि तुम्ही राष्ट्रांच्या शांतीसाठी लावता त्याच गंभीर आवाजात तो नळ देवापुढे ठेवलात. घरी आल्यावर तुम्ही बाह्या दुमडून स्वयंपाकघरात कांदा चिरताय, आई मटणाला वाटण लावतेय, आणि मी, शाळकरी, तुम्हाला जाब विचारतेय, "एवढ्या मोठ्या देवाला नळाचं सांगायचं?" तुम्ही वर न बघता म्हणता, "मागणं त्यांचं आहे. आपण फक्त आवाज द्यायचा. आणि तू त्या नळाचं पाणी पीत नाहीस का?" आई हसते. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही.

पण नियम तो नियम. काल मी एका इमारतीची बंद लिफ्ट देवापुढे ठेवली, एका भाच्याचा व्हिसा ठेवला, कोणाच्या तरी सुनेची बदली ठेवली; तिला ती कल्याणला हवी होती, भिवंडीला मुळीच नको होती. आणि मग तिसऱ्या बाकावरून, डोंबिवलीहून मुद्दाम आलेली धाकटी उठली. "माझ्या मोठ्या बहिणीसाठी," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "तिने हट्ट सोडावा आणि माझ्याकडे राहायला यावं."

पप्पा, तिने मला तुमच्याच नियमात पकडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला होता. मी घसा साफ केला. "आमच्यातील एका भगिनीसाठी," मी म्हटलं, "तिने आपल्या निश्चयाचा फेरविचार करावा..."

"निश्चय नाही, हट्ट!" बाकावरून आवाज आला. "मी हट्ट म्हटलं, ताई. तेच म्हण."

हसण्याची एक लाट मागच्या बाकांपर्यंत गेली. मी ती ओसरू दिली. मग म्हटलं, "तिने हट्ट सोडावा, आणि आपल्या बहिणीकडे राहायला जावं." माझ्या आयुष्यातलं इतकं छोटं आणि इतकं अवघड वाक्य दुसरं नसेल. प्रतिसाद असा आला की युद्धांना आणि राष्ट्रांना मिळून तेवढा आवाज मिळाला नव्हता.

बाहेर पडल्यावर धाकटीने विचारलं, "रागावलीस?" मी म्हटलं, "रीत सोडून वागलीस. अशा गोष्टी घरात बोलायच्या असतात." "घरात तू ऐकतेस कुठे?" म्हणत तिने माझ्यासाठी रिक्षा थांबवली. पुस्तकं आणि टीव्ही या दोन मुद्द्यांवर मी अजून ठाम आहे, असं मी तिला रिक्षात बसताना बजावलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. प्रतिसाद हा मंडळीचा असतो. प्रार्थना चालवणाऱ्याने त्या वेळी गप्प राहायचं, हेही तुम्हीच घालून दिलेलं. काल त्या एका विनंतीला मी गप्प राहिले नाही. सगळ्यांबरोबर मीही म्हटलं. आवाज इतका मोठा होता की धाकटीला ते कळलेलं नाही.